बारा मिनिटं पुढे

घंटी वाजवायला अक्कल लागत नाही, असं लोकांना वाटतं. मी एका कॉलेजात एकतीस वर्षं घंटी वाजवली. अक्कल लागते. दांडा कोणाच्याही हातानं उचलला जातो, पण केव्हा वाजवायची आणि केव्हा नाही, हे सांभाळायला भरवशाचं माणूस लागतं. ते माणूस मी होते. एक वर्ष नव्हते. त्या वर्षाबद्दल लिहायचं आहे, कारण ज्यांच्यावर त्याचा दोष आला असता ते सगळे आता सुखरूप आहेत.

मी चौथी शिकले. नवरा त्याच कॉलेजात शिपाई होता. तो गेल्यावर त्याची जागा मला मिळाली. कॉलेज ब्रह्मपुरीहून गडचिरोलीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात होतं. गावाचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही. धानाची शेती, एक मोठा तलाव, पलीकडे जंगल, एवढं पुरे.

शिपाई म्हणजे फक्त घंटी नव्हे. सकाळी खोल्या उघडायच्या, फळे पुसायचे, खडू मोजून द्यायचे, हजेरीची रजिस्टरं वर्गावर न्यायची आणि आणायची, नोटीसवही घेऊन मास्तरांच्या सह्या घेत फिरायचं. ज्या दोन मास्तरांचं एकमेकांशी बोलणं बंद असेल त्यांच्यात निरोप न्यायचे. हे काम कुठं लिहिलेलं नसतं, पण सगळ्यात जास्त तेच असतं.

आमची घंटी म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा. व्हरांड्यात तारेनं टांगलेला. लोखंडी दांड्यानं मारला की हिवाळ्यात पार तलावाच्या पाळीपर्यंत ऐकू जायचा. वेळ पाहायला प्राचार्यांच्या खोलीत भिंतीवरचं घड्याळ होतं. त्याला दर सोमवारी चावी मी द्यायची. रोज सकाळी घरच्या रेडिओवर वेळ ऐकायची आणि कॉलेजात येऊन घड्याळ तपासायची. त्यामुळे माझी घंटी मिनिटभरही चुकत नव्हती. चहाच्या टपरीवाला, पोस्टातला मास्तर, ब्रह्मपुरीच्या जीपवाले, सगळे माझ्या घंटीवर घड्याळ लावायचे. पोरं मला कधी पेरू आणून द्यायची, कधी चिवडा, आणि म्हणायची, बाई, आजचा शेवटचा तास पाच मिनिटं आधी सोडा. पेरू मी खायची. घंटी वेळेवरच व्हायची.

एकदा एका पोरानं माझ्या जेवणाच्या वेळी स्वतःच दांडा उचलून दोन ठोके दिले. अर्धं कॉलेज घरी गेलं. त्याला मी सगळ्यांदेखत विचारलं, "काऊन रे, तुह्या बापाची रेल्वे आहे का?" तो आता बँकेत आहे. अजून मला पाहून रस्ता बदलतो.

हे सांगते ते यासाठी, की मी काय मोडलं ते कळावं.

गोष्ट नव्वद सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. आमच्या इथं मासे धरणाऱ्या ढिवरांची वस्ती तलावाच्या काठाला. त्यातली राधा बाजारात सुकी मासोळी विकायची. परीक्षेनंतर कॉलेजात चाचणीच्या जुन्या प्रश्नपत्रिकांची रद्दी उरायची. एका बाजूला छापलेली, दुसरी बाजू कोरी. ती मी राधेला पुड्या बांधायला द्यायची. ती मला मूठभर झिंगे द्यायची. असा आमचा व्यवहार.

एक दिवस झिंग्यांची पुडी मी कॉलेजातच सोडली, तर कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं भरगच्च लिहिलेलं. मला त्यातलं अक्षरही समजत नव्हतं. पण मी इतकी वर्षं उत्तरपत्रिका गोळा करत होते. गणित करून संपवलं की पोरं खाली एक रेघ मारतात, ती मला ओळखू येते. त्या पानावर तशा चार रेघा होत्या.

गणिताचे ढोमणे सर बाजूच्या टेबलाशी बसले होते. मासे खात नव्हते, वाससुद्धा सहन होत नव्हता. मी ते पान त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी एका कोपऱ्याला चिमटीत धरलं, आणि मग वास विसरले.

"बाई, हे कोणी सोडवलं?"

"राधेच्या पोरीनं असन. नववीत आहे."

"हा बी.एस्सी.चा पेपर आहे."

"मले काय माहीत. बरोबर आहे का?"

"चारपैकी तीन चुकले आहेत," सर म्हणाले. "पण ज्या वाटेनं गेली ती वाट तिला कोणी दाखवली नसणार."

ते पान त्यांनी फाइलीत ठेवलं. ती फाइल वर्षभर झिंग्यांसारखी घमघमत होती.

पोरीचं नाव वनिता. हडकुळी, हट्टी, बोलायला कमी. सरांनी बोलावलं तेव्हा आली आणि दारातच उभी राहिली. सरांनी दहा मिनिटं काहीबाही विचारलं. शेवटी म्हणाले, माझ्या वर्गात येऊन बसशील का? तिनं विचारलं, "फी लागते का?" सर म्हणाले, नाही. तर म्हणाली, "मंग बसतो."

आमच्याकडे पोरीही 'बसतो' म्हणतात. सर बाहेरून आलेले होते, त्यांना अजून सवय नव्हती.

बसायचं म्हणणं सोपं होतं. प्राचार्य साहेब म्हणाले, विद्यापीठात बारावी पास झाल्याशिवाय नाव लागत नाही, आणि ही तर दहावीलाही पोचली नाही. ढोमणे सर म्हणाले, नाव नको, डिग्री नको, बाकावर जागा द्या. प्राचार्य भले गृहस्थ होते, पण कागदाला भिणारे. म्हणाले, शाळेच्या मुख्याध्यापकाचं पत्र आणा.

मुख्याध्यापकांनी पत्र दिलं, पण त्यात अट घातली. शाळेची प्रार्थना अकराला. त्या वेळी मुलगी शाळेत हजर पाहिजे. तीनदा उशीर झाला की परवानगी संपली. कॉलेजाच्या नावाखाली पोरगी गावभर फिरते असं उद्या कोणी म्हणायला नको, असं त्यांचं म्हणणं. ते मला तेव्हा खडूस वाटले. आता वाटतं, त्यांच्या जागी मीही हेच लिहिलं असतं.

जुलैपासून वनिता आठवड्यातले चार दिवस शेवटच्या तासाला येऊ लागली. हजेरीच्या रजिस्टरात तेवीस पोरांची नावं शाईनं होती. त्याखाली ढोमणे सरांनी पेन्सिलीनं तिचं नाव लिहिलं. नंबर नाही, नुसतं नाव. रजिस्टर मीच नेत होते, म्हणून मला माहीत. कॉलेजची पोरं 'यस सर' म्हणायची. ही शाळेतल्यासारखी उठून 'हजर' म्हणायची. पहिले काही दिवस पोरं हसली. मग चाचणीत तिचे मार्क पाहिले आणि तिच्या मागच्या बाकावर बसायला भांडू लागली.

अडचण घड्याळाची होती. शेवटचा तास दहा दहाला सुरू होऊन अकराला सुटायचा. शाळा चालत अकरा मिनिटांवर. म्हणजे तिला पावणेअकराच्या थोडं पुढं वर्गातून उठावं लागायचं. पहिला आठवडा ती उठून गेली. दुसऱ्या आठवड्यात व्हरांड्यात माझ्याजवळ थांबली. डोळ्यांत पाणीबिणी नव्हतं. राग होता.

"बाई, सर सगळं अखरीले जोडते. मी तवाच उठून जातो. अर्धं आइकून जावं तं यावं कायले? उद्यापासून नाई येत."

मी तिला म्हटलं, थोडे दिवस तशीच ये, आणि ढोमणे सरांना सांगितलं, तास बदला. ते म्हणाले, पहिला तास भौतिकशास्त्राच्या सोनकुसरे सरांचा आहे, ते देणार नाहीत. मी विषय सोडला. या दोघांचं दोन वर्षांपासून बोलणं बंद होतं. स्टाफरूममध्ये एक नवं लोखंडी कपाट आलं होतं. ते कोणाचं, यावरून. शिकलेली माणसं कपाटावरून किती दिवस रुसू शकतात ते मी पाहिलं आहे.

मग मी ते केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घड्याळाचा काटा मी एक मिनिट पुढं केला. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी एक. असे बारा दिवस. अकरा मिनिटं वाटेची, एक मिनिट पाय धुवायला, कारण पावसाळ्यात शाळेचा रस्ता म्हणजे चिखल. एका दिवसात बारा मिनिटं नेली असती तर बोंब झाली असती. एक मिनिट कोणालाच कळत नाही. मास्तरांची हातातली घड्याळं थोडी मागं पडली की ते माझी घंटी ऐकून काटा पुढं करायचे. टपरीवाल्यानंही केला. जीपवाल्यांनीही केला. बारा दिवसांत सगळं गाव माझ्यामागून बारा मिनिटं पुढं आलं. एसटी तेवढी आली नाही. लोक स्टँडवर जाऊन बसायचे आणि म्हणायचे, या महिन्यात एसटी फार लेट चालून राह्यली.

मी वनिताला सांगितलं, आता घंटी होईपर्यंत बस. घाई करू नको.

ती बसली. आणि त्याच आठवड्यात तिला दोनदा उशीर झाला.

तिनं मला येऊन सांगितलं. "तुमी म्हणल्या म्हून बसली, बाई. एक डाव उरला."

हिशेब तर बरोबर होता. त्या दिवशी मी अकराची घंटी दिली, दांडा अजून हातात होता, आणि लांबून शाळेची घंटी ऐकू आली.

रोजच ऐकू यायची. कितीतरी वर्षं ऐकत होते. शाळेचं घड्याळ केव्हाचं बंद पडलं होतं. शाळेचा शिपाई कवडू माझी अकराची घंटी ऐकून आपली घंटी वाजवायचा. मी पुढं गेले, तशी शाळाही माझ्याबरोबर पुढं आली होती. सगळं गाव हललं, आणि पोरगी होती तिथंच राहिली. हे मला माहीत होतं, रोज कानानं ऐकत होते, तरी डोक्यात आलं नाही. चौथी पास माणसानं काट्याला हात लावला की असं होतं. फार शिकलेल्यानं लावला तरी असंच होतं, पण तो कबूल करत नाही.

संध्याकाळी कवडूकडं गेले. तो माझ्या नवऱ्याच्या वयाचा, बायको मेलेली, बिडी सुटता सुटत नव्हती. त्याला सगळं सांगितलं. तो आधी पोटभर हसला.

"म्हंजे मी महिनाभर खोटी घंटी वाजवून राह्यलो?"

"पंधरा दिवस."

"अन् आता का पाह्यजे तुमाले?"

"माझी घंटी ऐकली की बारा मिनिटं थांब. मग वाजव. म्हणजे शाळा बरोबर अकराला भरेल."

"बारा मिनिटं मले कशी समजन, बाई? घड्याळ बंद आहे."

त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, एक बिडी निवांत ओढली तर पाच-सहा मिनिटं जातात. दोन बिड्या म्हणजे तुमचे बारा.

"ओढ."

"पण बिड्या तुमच्या. दुसऱ्याच्या पोरीपाई मी माह्या बिड्या कायले जाळू?"

तेव्हापासून दर बाजाराला मी कवडूसाठी बिड्यांचे कट्टे घेऊ लागले. माझी घंटी झाली की तो शाळेमागच्या मोहाच्या झाडाखाली बसायचा, दोन बिड्या ओढायचा आणि उठून वाजवायचा. तेवढ्यात वनिता पोचलेली असायची. पावसाच्या दिवसात बिडी दमट होऊन विझायची, तेव्हा शाळा दोन-तीन मिनिटं उशिरा भरायची. त्याला इलाज नव्हता.

मुख्याध्यापकांनी एकदा कवडूला विचारलं, कॉलेजची घंटी केव्हाची झाली, आपली का झाली नाही? कवडू म्हणाला, साहेब, तेयचं घड्याळ पुढं आहे, आपली घंटी बरोबर आहे. हे शंभर टक्के खरं होतं. मुख्याध्यापकांना फार आनंद झाला. कॉलेजचं घड्याळ चुकतं, असं ते गावात सांगत फिरले. कोणी विश्वास ठेवला नाही. लोक म्हणाले, बाईची घंटी आणि चुकते?

ते वाक्य मला टोचायचं. खोटं का बोलू? रोज सकाळी रेडिओवर वेळ ऐकायची आणि तोंड फिरवायची. पण शेवटच्या तासाला खिडकीतून पाहायची तर ती पोरगी शेवटपर्यंत बसलेली असायची, आणि सर फळ्यावर खाली रेघ मारायचे तेव्हा तीही वहीत मारायची. मग मी दांडा उचलायची.

माझा बेत पक्का होता. विद्यापीठाच्या परीक्षेआधी पोरांना अभ्यासाची सुटी असते. तेव्हा तास नाहीत, घंटी नाही. त्या सुटीत काटा मागं आणायचा आणि मोकळं व्हायचं. पण त्या सुटीत मला हिवताप आला. आमच्याकडे तो नवा नाही, पण त्या वर्षी मला चांगलाच पाडून गेला. दहा-बारा दिवस अंथरुणात. कॉलेजनं रोजंदारीवर दुसरा माणूस ठेवला. त्यानं सोमवारी घड्याळाला चावी दिली. काट्याचं त्याला काय माहीत.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी उठून गेले. डोकं जड, तोंड कडू, पण परीक्षेची घंटी दुसऱ्याच्या हाती द्यायची नव्हती.

परीक्षेचं काम बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगते. प्रश्नपत्रिकांचं पाकीट विद्यापीठातून लाखेचं सील लावून येतं. दुसऱ्या कॉलेजचे एक प्राध्यापक देखरेखीला पाठवलेले असतात. पेपर आठचा असला तर पाकीट पावणेआठला त्यांच्यासमोर, दोन पोरांच्या सह्या घेऊन फोडायचं. एक मिनिट आधी नाही. वेळेआधी सील तुटलं तर पेपर फुटला असं धरतात. मग चौकशी होते, आणि परीक्षेचं केंद्र बंद होऊ शकतं. आमचं केंद्र बंद झालं असतं तर पोरांना परीक्षेला ब्रह्मपुरीला नाहीतर गडचिरोलीला जावं लागलं असतं. जंगलातल्या गावांतून येणाऱ्या पोरी तर गेल्याच नसत्या. त्यांच्या घरच्यांना शिक्षण बंद करायला निमित्तच पाहिजे असायचं.

मी पाण्याचा घडा भरून प्राचार्यांच्या दारात आले. आत टेबलावर पाकीट, सह्या करायला आलेली दोन पोरं, देखरेखीचे पाहुणे सर, आणि प्राचार्यांच्या हातात पातं. घड्याळात पावणेआठ. मी घडा ठेवायला वाकले, तर ऊन व्हरांड्याच्या दुसऱ्या खांबाजवळ होतं. चैत्रात पावणेआठला ते तिसऱ्या खांबाला लागतं. इतकी वर्षं तिथं उभी राहून मला ते पाठ होतं.

काटा मागं आणायचा राहूनच गेला होता.

प्राचार्यांनी पातं सीलवर टेकवलं होतं. मी आत गेले. परवानगी न घेता त्या खोलीत मी कधी गेले नव्हते.

"साहेब, हात थांबवा."

"काय झालं, बाई?"

"घड्याळ पुढं आहे. बारा मिनिटं."

प्राचार्यांनी आपल्या हातातलं घड्याळ पाहिलं. पावणेआठ. पाहुण्या सरांनी आपलं पाहिलं. पावणेआठ. भिंतीवर पावणेआठ. सगळे माझ्याकडं पाहू लागले. मला वाटलं, झालं, हे मला तापात बरळते म्हणतील.

मग पाहुणे सर सावकाश म्हणाले, "काल मी आलो तेव्हा माझं घड्याळ मागं होतं. तुम्हीच म्हणालात, भिंतीवरचं पाहून लावून घ्या, बाईंचं घड्याळ आहे."

प्राचार्यांनी पातं खाली ठेवलं. टेलिफोन उचलून एक्स्चेंजला वेळ विचारली. फोन ठेवून म्हणाले,

"सात चौतीस."

प्राचार्यांनी पाकीट उलटंपालटं केलं. सील शाबूत होतं. लाखेवर फक्त पात्याचा एक ओरखडा. त्यांनी तो अंगठ्यानं पुसून पाहिला, तो काही पुसला गेला नाही. पण ओरखड्यानं पेपर फुटत नाही. पाहुणे सर खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "पाणी आहे का, बाई?" मी दिलं. ते दोन ग्लास प्याले.

प्राचार्य म्हणाले, "घड्याळ बरोबर करा. आणि पेपर संपेपर्यंत कोणाशी बोलू नका."

मी स्टुलावर चढून काटा मागं आणला. नऊ महिन्यांनी. खरं सांगते, त्या वेळी नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून जास्त बरं वाटलं. डोक्यावरचा भारा खाली टाकल्यासारखं. अकरा मिनिटांनी पाकीट फुटलं, आठला मी ठोका दिला. इतक्या महिन्यांतली ती पहिली खरी घंटी होती.

पेपर सुटल्यावर मला बोलावलं. मी सगळं सांगितलं. वनिता, अकरा मिनिटं, पाय धुवायचं एक, कवडूच्या बिड्या. प्राचार्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "सोनकुसरे सरांना कोणी विचारलं होतं का, तास बदलून देता का म्हणून?"

"नाही, साहेब."

सोनकुसरे सरांना बोलावलं. ते ब्रह्मपुरीहून पहिल्या एसटीनं यायचे. म्हणाले, "मी तर सातलाच येऊन टपरीवर बसतो. पहिला तास झाला काय, शेवटचा झाला काय, मले काय फरक पडते? घेऊन जा म्हणावं." आणि जाता जाता म्हणाले, "कपाट मात्र माझं आहे."

मी रोज त्या दोघांना चहा नेत होते. नोटीसवही नेत होते. एकाचा निरोप दुसऱ्याला सांगत होते. हे एक वाक्य कोणी दिलं नाही म्हणून मी नेलं नाही. न सांगता नेलं असतं तर काट्याला हात लावावा लागला नसता. त्याची लाज मला घड्याळापेक्षा जास्त वाटते.

मला लेखी ताकीद मिळाली. एकतीस वर्षांच्या नोकरीत तेवढी एकच. खुलाशात मी लिहिलं होतं, 'घड्याळ पुढे गेले नाही. मी नेले.' प्राचार्य म्हणाले, दुसरी ओळ नसती तरी चाललं असतं. मी म्हटलं, मग पहिली खोटी झाली असती.

जुलैत कॉलेज उघडलं तेव्हा ढोमणे सरांचा तास पहिला झाला. वनिता सकाळी यायची, पूर्ण तास बसायची, घरी जाऊन भात खायची आणि शाळेत वेळेआधी पोचायची. मी रजिस्टर घेऊन गेले, तर तिचं नाव शाईनं लिहिलेलं होतं. समोर नंबर होता चोवीस. खाली प्राचार्यांची सही. विद्यापीठाच्या लेखी त्याला काही किंमत नव्हती. आमच्या लेखी होती. कवडूनं बिडी सोडली नाही, पण पुढं स्वतःच्या पैशानं ओढू लागला.

बारावीनंतर तिनं रीतसर नाव घातलं, तेव्हा तेच तीन वर्षांचं गणित तिला पुन्हा बसून शिकावं लागलं. नियम तो नियम. ती पुन्हा 'हजर' म्हणू लागली, आणि बाकाखाली पुढच्या वर्गांची पुस्तकं वाचू लागली. मग नागपूरला शिकायला गेली आणि वर्षातून एखाद्या वेळी दिसू लागली. राधेनं शेवटपर्यंत मासोळी विकली. पुड्या बांधायला पान घेताना मात्र आधी दोन्ही बाजू पाहायची.

माझ्या रिटायरमेंटच्या आधीची शेवटची परीक्षा. कॉलेजात विजेची घंटी लागली होती, पण वीज भरवशाची नव्हती, म्हणून परीक्षेला माझा रूळच होता. प्राचार्य नवे होते. देखरेखीला चिमूरकडच्या कॉलेजातून एक बाई येणार असं कळलं होतं. आल्या तर ती वनिता. चष्मा, सुती साडी, अजून हडकुळीच.

प्राचार्य पोरांच्या बैठका पाहायला गेले होते. खोलीत ती, मी आणि टेबलावर पाकीट. मी तिला घडलेलं कधीच सांगितलं नव्हतं. नोकरी संपत आली होती, वाटलं, आता सांगून टाकू. बोलायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "बाई, घड्याळ बरोबर आहे ना? की बारा मिनिटं पुढं?"

"तुले कोणी सांगतलं?"

"कोणी कायले सांगन? अकरा मिनिटांची वाट होती. तुमची घंटी अकराची, शाळेची घंटी अकराची, अन् मधात मी पोचून राह्यली. म्हंजे एक अकरा खोटा होता. पहिल्या आठवड्यातच समजलं मले."

सगळ्या गावाला कळलं नव्हतं. मास्तरांना, प्राचार्यांना, विद्यापीठाच्या माणसाला कळलं नव्हतं. गणित करणाऱ्या पोरीपासून मी बारा मिनिटं लपवायला निघाले होते.

"मंग काऊन नाई बोलली?"

"बोलली असती तं तुमी काटा मांग नेला असता."

ते खरं होतं. मी नेला असता.

प्राचार्य आले, सह्या करणारी दोन पोरंही आली. वनितानं पातं हातात घेतलं, पण तिनं भिंतीकडे पाहिलं नाही, मनगटाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"बाई, फोडू?"

मी दारात जाऊन ऊन पाहिलं. मग घड्याळ पाहिलं. दोघांचं जुळत होतं.

"थांब. दोन मिनिटं आहेत."

ती थांबली. सगळेच थांबले. नव्या प्राचार्यांना हे काय चाललंय ते कळेना. ऊन तिसऱ्या खांबाला लागलं.

"आता फोड," मी म्हटलं.